खंडेनवमीची सायकल

आमच्या घरात सायकल एक आणि चालवणारे दोघे. धाकटे दीर उंच आणि काटकुळे, हे त्यांच्याहून चांगले वीतभर बुटके. त्यामुळे सायकलीची सीट दिवसातून दोनदा वरखाली व्हायची. भावजी सकाळच्या पाळीला पिंपरीच्या कारखान्यात जायचे. दुपारी ते परतले की पान्यानं सीट खाली करायची, आणि त्याच सायकलीवर भाजीची पाटी बांधून हे पिंपरीच्या कॅम्पात निघायचे. फाळणीनंतर आलेली सिंधी मंडळी तिथं राहायची, भाजी हातोहात खपायची. संध्याकाळी सीट पुन्हा वर. रोज अंदाज करत बसायला नको म्हणून भावजींनी सीटच्या दांड्यावर कानशीनं दोन खुणा करून ठेवल्या होत्या. वरची त्यांची, खालची यांची. सीट खाली करताना मला ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणायचे, "वहिनी, आमच्या दादाची खूण अजून जरा खाली गेली तर त्याला पायडल लागायचीच न्हाईत, पायानंच चालंल." यांना चेष्टा कळायला वेळ लागायचा, आणि कळली की मग दोन दिवस विसरायचे नाहीत.

मी चिंचवडची, सातवी झालेली. मोशीत दिली तेव्हा तिथून कारखान्यात जाणारी माणसं अगदी मोजकी होती. बाकी गाव इंद्रायणीच्या काठानं वांगी, मेथी आणि बाजरी पिकवायचं. आता त्या वाफ्यांवर सात-सात मजली इमारती आहेत आणि त्यांच्या खाली सायकली कमी, स्कूटरी जास्त. मला त्याचं वाईट वाटतं असं नाही. मला हल्ली बऱ्याच गोष्टींचं काही वाटत नाही, आणि ही सवय कुठून लागली तेच सांगायला बसले आहे.

सायकलीची उस्तवार भावजी करायचे. सुट्टीच्या दिवशी ती अंगणात उलटी, चाकं आभाळाकडे. चेन काढून रॉकेलमध्ये भिजत घालायची, मग जुन्या चिंधीनं एकेक कडी पुसायची. चाकाच्या मधल्या छऱ्यांसाठी त्यांनी माझी चटणीची वाटी नेली ती कायमचीच. ब्रेकची रबरं काढून बघायची, एका बाजूनं झिजली असली तर फिरवून बसवायची. शेवटी दोन्ही ब्रेक दाबून धरायचे आणि सायकल पुढं ढकलायची. चाक जागचं हललं नाही की झालं. तेलाच्या बाबतीत मात्र ते फार चिकट होते. चेनला थेंब, चाकाच्या मध्यात थेंब, पायडलला थेंब, बस. बाकी कुठं तेल दिसलं की पुसून काढायचे. मी विचारायचे, एवढी कंजुषी कशाला, तर म्हणायचे, "वहिनी, सायकलीला त्याल पाजायचं असतं, अंगाला लावायचं नसतं."

ही तेलाची गोष्ट सासूबाईंना त्यांनी कधी सांगितली नाही. सांगायची वेळच आली नव्हती. कारण खंडेनवमीला सायकलीची पूजा होण्याचं ते पहिलंच वर्ष होतं. सायकल आदल्या वर्षी दिवाळीला घेतलेली.

सासूबाईंना आम्ही दोघी सुना, म्हणजे मी आणि शेजारच्या घरातली चुलत जाऊ, आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंचं लोखंडावर प्रेम होतं. दुसऱ्या बायका पितळेची भांडी मिरवतात, त्या पहार मिरवायच्या. विळा, कोयता, खुरपी, नांगराचा फाळ, अडकित्ता, सगळ्याला त्यांच्या हातचं करडईचं तेल. पावसाळ्यात आमच्या घरी गंज शोधून सापडायचा नाही. त्या म्हणायच्या, "लोखंडाला त्याल न्हाई मिळालं की ते रुसतं." खंडेनवमी हा त्यांचा खरा सण. सकाळी सगळी अवजारं ओट्यावर मांडायची, धुवायची, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू, झेंडूची माळ. मग दसरा उलटेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबली, दोन दिवस विसावा.

त्या वर्षी भावजींच्या कारखान्यातही यंत्रांची पूजा होती. आत्याबाईंनी त्यांना सायकल नेऊ दिली नाही. "तिची आज पूजा हाय. तू जा कुणाच्या तरी मागं बसून." ते गावातल्याच एकाच्या कॅरियरवर बसून गेले. मी आत पुरण वाटत होते. संध्याकाळी भावजी आले तेव्हा सायकल ओट्याला टेकून उभी होती, हँडलपासून मडगार्डापर्यंत लखलखीत, दोन्ही चाकांत झेंडूचे हार. ते कौतुकानं बघत राहिले. म्हणाले, "आये, हिला तर दृष्ट काढाया पायजे." आत्याबाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी खरंच मीठमोहऱ्या ओवाळल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी हार काढून तुळशीत ठेवले आणि ते पाळीला गेले.

भोसरीच्या अलीकडे तेव्हा एक ओढा होता. रस्ता उताराला लागायचा आणि खाली ओढा ओलांडायला दगडी फरशी, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी. भुईमुगाच्या वेलांनी भरलेली एक बैलगाडी फरशीच्या मधोमध होती. वरून भावजी येत होते. गाडीवानानं हात केला, भावजींनी घंटी वाजवली. थांबले मात्र नाहीत. शेवटी त्यांनी हँडल वळवलं ते ओढ्यातल्या दगडांकडे. गाडीवानानं वेल तिथंच खाली टाकले आणि त्याच गाडीतून त्यांना घरी आणलं. पुण्याला न्यायची वेळ राहिली नव्हती.

मला रडू आलं नाही. सगळ्या बायका रडत होत्या आणि मी पाणी तापवत होते. माझ्या मनात आलं की आज सीट खाली करायला कोणी नाही. तेवढंच आलं. मला ते अजून खरं वाटतं, त्या वेळी मनात दुसरं काहीच नव्हतं. भावजी मला फार आवडायचे. माहेरचा भाऊ बोलणार नाही असं ते माझ्याशी बोलायचे. तरी मी भाताचं आधण ठेवावं तशी एकामागून एक कामं करत राहिले, आणि लोक म्हणाले, सून धीराची आहे. धीर कसला. हाताला गोठा आणि चूल माहीत होती, म्हणून हात चालत होते.

सायकल गाडीवानाच्या भावानं दुसऱ्या दिवशी आणून गोठ्यात टाकली. पुढचं चाक वाकडं झालं होतं. सुतकाच्या दिवसांत यांना घरात बसवेना. एका दुपारी हे गोठ्यात गेले आणि चाक सोडवून बसले. तारा आवळून चाक सरळ करायचं भावजींनीच यांना शिकवलं होतं. मी वैरण टाकायला गेले तेव्हा हे चाक मांडीवर घेऊन नुसतेच बसलेले. रिमच्या आतल्या बाजूनं, जिथं ब्रेकचं रबर टेकतं तिथून, यांनी बोट फिरवलं. बोटाचा वास घेतला. मग माझ्यापुढं धरलं. करडईचं तेल होतं. मागच्या चाकालाही होतं. आत्याबाई कामात कसर ठेवणाऱ्या नव्हत्या. बोटाला चिंधी गुंडाळून रिमच्या आतल्या खाचेतही त्यांनी तेल पोचवलं होतं.

हे म्हणाले, "रबर नुस्तं घसरलं असणार."

मी हातातली वैरण खाली ठेवली.

"आईला कळता कामा न्हाई," हे म्हणाले. "कदीच."

मी मान हलवली. भावजी गेले हे जणू दुसऱ्या कुणाच्या घरी झालं होतं, पण हे तेल आमच्या घरातलं होतं. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यांना हे कळलं तर त्या उठणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. हे आत गेले, चुलीतली होती नव्हती ती राख घमेल्यात भरून आणली, आणि नारळाच्या काथ्यानं दोन्ही रिम घासायला लागले. भांडी घासतात तशी. पाणी ओतून परत घासली. कोरड्या फडक्यानं पुसून बोट फिरवून पाहिलं, आणि मग तिसऱ्यांदा. जुनी रबरं काढून यांनी चुलीत टाकली. त्याचा घाण वास घरभर झाला. मी आत जाऊन सांगितलं की मांजरानं काहीतरी ओढून आणलं होतं चुलीत. आत्याबाईंनी विचारलंही नव्हतं.

दहाव्याला गाडीवान आला. भला माणूस. त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. आत्याबाईंच्या पुढं बसून म्हणाला, "मावशी, माजी गाडी तितं नसती तर. पर त्यानं बिरेक दाबला हुता बरं का, मी सोताच्या डोळ्यांनी बगितलं, दोनी हातांनी दाबला हुता, पर—" हे एकदम उठले आणि म्हणाले, "चहा आण गं." मी आधीच उठले होते. चहा एवढ्या घाईनं आणला की निम्मा त्याच्या धोतरावर. तो ओय ओय करत उभा राहिला, बायका पाणी घेऊन धावल्या, आणि ते बोलणं तिथं राहिलं. नंतर यांनी त्याला ओट्यावर नेऊन काय सांगितलं कोण जाणे. तो परत आमच्याकडे आला नाही.

मग भावकीतलं कुणी म्हणालं की ही सायकल अपशकुनी आहे, भंगारात द्या. दुसऱ्यानं री ओढली. तेव्हा किती दिवसांनी आत्याबाई बोलल्या. "सायकलीचा काय दोस न्हाई. तिला कुणी बोलायचं न्हाई." एवढंच. आम्हाला वाटलं, लेकाची वस्तू म्हणून माया. हे माझ्याकडे पाहून जरा सैल झाले. आम्ही वाचलो असं मला वाटलं.

पुढं कारखान्यानं भावजींच्या जागी यांना घेतलं. भाजीची पाटी बंद झाली, पाळी सुरू झाली. त्याच सायकलीवर, त्याच उतारावरून. सीट बरेच दिवस वरच्या खुणेवर होती. हे तिच्यावर बसून पायाच्या बोटांनी पायडल मारत जायचे, आणि कुणी काही म्हणालं की म्हणायचे, पाना सापडत नाही. पाना खुंटीला लटकत होता. एके दिवशी यांनी मुकाट्यानं सीट खाली केली. मी त्या दिवशी दाराआड थोडी रडले. मग दूध उतू जायला लागलं म्हणून आत गेले.

रोज सकाळी निघण्याआधी यांचा एक नेम असायचा. आधी दोन्ही रिमच्या आतून बोट फिरवून बघायचं. मग ब्रेक दाबून सायकल ढकलायची. मग टायर दाबून हवा बघायची. मागच्या मडगार्डाच्या टोकाला यांनी पांढरा रंग लावला, अंधारात मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून. पुढं कारखान्याच्या सायकल-स्टँडवरही हे दुसऱ्यांच्या सायकली तपासायला लागले. लोक हसायचे, "राव, तुमी काय आरटीओ का?" पण एखाद्याचं रबर झिजलेलं निघालं की हे त्याला ते बदलेपर्यंत सोडायचे नाहीत. घरी मात्र हे सगळं आत्याबाईंची पाठ फिरली असेल तेव्हाच. त्या समोर असल्या की हे नुसतीच घंटी वाजवून निघायचे आणि वेशीजवळ उतरून रिम बघायचे. मी एकदा पाण्याला गेले होते तेव्हा पाहिलं.

आणि मी तोवर आत्याबाईंकडे बघायचे. यांची सायकल दिसेनाशी होईपर्यंत त्या ओट्यावर उभ्या असायच्या, आणि पाळी सुटायच्या सुमाराला पुन्हा येऊन उभ्या. आई आहे, काळजी असणारच. त्यांनी एक गोष्ट सोडली होती. तेल. सुतकात कुणीच डोक्याला तेल लावत नाही, पण सुतक फिटल्यावरही त्यांनी लावलं नाही. केस राठ होऊन पांढरे झाले. मी वाटी घेऊन गेले की म्हणायच्या, "राहू दे, डोकं जड हुतंय." पहारी, विळे, फाळ माझ्याकडे आले. मी लावायचे तेल, आठवण राहील तेव्हा. पावसाळ्यात कोयत्यावर गंज धरला. आत्याबाईंनी तो पाहिला आणि कोयता होता तिथंच ठेवला. मला वाटलं, दुःखानं माणूस असं होतं. आम्ही सगळेच तसे झालो होतो. जेवायचो, झोपायचो, बोलायचं तेवढं बोलायचो. घरात कुणी मोठ्यानं हसलं असं मला त्या काळातलं आठवत नाही, आणि रडलंही नाही कुणी.

पुढचा दसरा वर्षाच्या आत आला. वर्षश्राद्ध व्हायचं होतं, त्यामुळे पूजा नव्हती. अवजारं कोपऱ्यातच राहिली.

त्याच्या पुढच्या वर्षीची खंडेनवमी. हे कारखान्यातल्या पूजेला गेले होते, दुसऱ्या कुणाच्या तरी मागं बसून. मी ओटा सारवून अवजारं मांडली. शेवटी सायकल आणून उभी केली. मला आतून नको नको होत होतं, पण आत्याबाईंनीच सकाळी सांगितलं होतं, "समद्यांची पूजा कर. सायकलीची बी." त्या दारात झेंडू ओवत बसल्या होत्या. मी तेलाची वाटी घेतली, चिंधी बुडवली आणि हँडल पुसायला लागले. माझ्या मनात ठरलं होतं: हँडल, मडगार्ड, कॅरियर, आणि चाकांना हात लावल्यासारखं करून सोडून द्यायचं. त्यांच्या लक्षात येणार नाही असं.

मी चाकापाशी वाकले.

"त्या चाकाच्या पत्र्याला नगं लावू," आत्याबाई म्हणाल्या.

मी तशीच वाकलेली राहिले. त्यांचे हात थांबले नव्हते. सुई फुलातून जात होती.

मी विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाया कशाला पायजे." त्यांनी दुसरं फूल घेतलं. "सुतकात चूल बगितली तर राख न्हाई. गोठ्यात गेले तर सायकलीच्या तारांत राख अडकल्याली. राखेनं काय निघतंय? जलमभर भांडी घासली मी. राखेनं त्याल निघतंय." मग म्हणाल्या, "आन् त्याल कुणी लावलं हुतं ते मला ठावं हाय. मागनं त्यो गाडीवान बोलाया लागला, तवा तू चा सांडलास."

मी वाटी खाली ठेवली. दोन वर्षं आम्ही दोघं त्यांच्याभोवती चवड्यांवर चालत होतो, आणि त्या भिंतीला टेकून सगळं बघत बसल्या होत्या. मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं. मी बसलेही. तुमचा दोष नाही, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं आणि ते किती पोकळ आहे ते मला तेव्हाही कळत होतं. मी त्यांच्या केसांना हात लावला. कोरडे, गवतासारखे.

"यांना सांगते मी," मी म्हणाले. "त्यांच्या जिवावरचं ओझं तरी उतरेल."

तेव्हा मात्र त्यांचे हात थांबले. "न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला सांगायचं न्हाई. आईला ठावं न्हाई, असं त्याला वाटतंय. तेवढ्यावरच त्यो उभा हाय. एक गेला माजा. ह्यो ऱ्हाऊ दे उभा."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. यांना दिलेला शब्द होता, त्याच्या शेजारी आता त्यांना दिलेला.

हे संध्याकाळी आले. कपाळाला कारखान्यातल्या पूजेचा गुलाल होता. सायकल ओट्याला टेकून उभी, चाकांत अजून हार नव्हते. तिला पाहून हे पायरीवरच थबकले, चेहरा एकदम उतरला. आत्याबाई मान खाली घालून माळ ओवत होत्या. त्यांचं लक्ष नाही असं पाहून हे चाकाशी वाकले, रिमच्या आतून बोट फिरवलं आणि ते उजेडाला धरून पाहिलं. कोरडं होतं. यांनी श्वास सोडला तो मला चुलीपाशी ऐकू आला.

"आलास व्हय," आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या. मग मला विचारलं, दोन चाकांना दोरा पुरेल का.

मी म्हणाले, पुरेल.